मदत हवी आहे: उत्पादकता वाढूनही सहगुणक ऋण का येतो?

कालिनाकर: प्रबंधाचा मसुदा सोमवारी मार्गदर्शकांना द्यायचा असल्याने घाईत लिहीत आहे. अर्थतज्ज्ञ बलासा आणि सॅम्युएलसन यांनी १९६४ मध्ये मांडलेला सिद्धांत मी भारतासह काही देशांच्या औद्योगिक व किमतींच्या आकडेवारीवर तपासत आहे. कारखानदारीची उत्पादकता वाढली की वेतन वाढून सेवाही महागतात, म्हणून वास्तव विनिमय दर (दोन्हीकडच्या किमतींचा फरक धरून काढलेला चलनाचा दर) वधारायला हवा. भारताचा सहगुणक (उत्पादकतेबरोबर हा दर किती व कोणत्या दिशेने बदलतो, ते सांगणारा आकडा) मात्र ठळकपणे ऋण येतो. असे का होत असावे?

जुना_जाणता: डॉलरमागे इतके रुपये असा दर घेतला आहे का? तो वाढला म्हणजे रुपया घसरला; रिझर्व्ह बँकेच्या वास्तव प्रभावी विनिमय दर निर्देशांकातील (अनेक चलनांशी एकत्रित तुलना करणाऱ्या) वाढ म्हणजे मात्र रुपया वधारणे.

कालिनाकर: चिन्हे सगळीकडे सारखीच ठेवली आहेत.

संख्याप्रेमी: पेन वर्ल्ड टेबल या देशोदेशींच्या उत्पन्न व उत्पादकतेच्या माहितीसंचाच्या १०.०१ आवृत्तीत १८३ देशांची २०१९ पर्यंतची आकडेवारी विनामूल्य मिळते.

कालिनाकर: आकडे कुठे मिळतात, हे मी विचारलेले नाही.

आकडेमोड: किंमत निर्देशांक कोणता, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.

कालिनाकर: भारतासाठी घाऊक, कारण त्याची मालिका लांब आहे, इतरांसाठी ग्राहक निर्देशांक.

आकडेमोड: मग सहगुणक ऋण येणारच. आपल्या घाऊक निर्देशांकात सेवा नाहीत. दादरच्या केशकर्तनालयाचे दर किंवा डॉक्टरांचे शुल्क त्यात येत नाही आणि हा सिद्धांत तर नेमका अशा सेवा महागण्यावरच उभा आहे. परदेशांच्या निर्देशांकात सेवा मोजल्या जातात, आपल्या निर्देशांकात नाहीत, त्यामुळे रुपया वास्तव अर्थाने घसरल्यासारखा दिसतो. लांब मालिकाच हवी असेल तर औद्योगिक कामगारांचा ग्राहक निर्देशांक घ्यावा.

गिरणगावकर: विनिमय दराच्या नादी लागण्यापेक्षा अर्थतज्ज्ञ काल्डोरचा १९६६ चा नियम तपासावा, असे माझे मत आहे. कारखान्यांचे उत्पादन वाढले की उत्पादकताही वाढते, हे उद्योगांच्या वार्षिक पाहणीवरून थेट पडताळता येते.

जुना_जाणता: त्या पाहणीत मुख्यतः नोंदणीकृत कारखानेच येतात. धारावीतील चामड्याच्या लहान कार्यशाळा वगळून देशाची उत्पादकता कशी ठरवणार?

गिरणगावकर: हीच उणीव कालिनाकर यांच्या उत्पादकतेच्या आकड्यांतही असेल, त्याबद्दल आपण काहीच बोलला नाहीत.

कालिनाकर: आपला वाद नंतर चालू द्यावा. कामगारांच्या निर्देशांकाच्या २०१६ पायाभूत वर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थांचा भार ३९ टक्क्यांच्या आसपास आहे. पाऊस कमी झाला की डाळी महागतात, त्याचा उत्पादकतेशी काय संबंध?

आकडेमोड: म्हणून खाद्यपदार्थ धरून आणि वगळून, असे दोन्ही सहगुणक काढून येथे द्यावेत.