विषय: बोर्ड क्र. ४ (दादाभाई) – ३ की ५? आज रात्री प्रिंटरला जायचंय

प्रेषक: स्मरणिका समिती
मंडळी, प्रदर्शनातला दादाभाई नौरोजींचा चौथा बोर्ड अजून अडकलाय. प्रिंटर म्हणतो आठपर्यंत फाइल नाही आली तर शनिवारी बोर्ड मिळणार नाही. ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीबद्दल मूळ मजकुरात "१८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून ३ मतांनी विजयी" होतं, अण्णांनी ५ केलं, काल कोणीतरी परत ३ केलं. प्लीज फक्त आकडा सांगा, बाकीचं मीटिंगमध्ये.

प्रेषक: अण्णा
५ च. पहिल्या मोजणीत ३, फेरमोजणीत ५. 'नॅरो मेजॉरिटी' (निसटतं बहुमत, नौरोजी नावावरची कोटी) हे नाव त्यावरूनच पडलं. पण मला जास्त खटकतंय ते होबर्न, लंडनचाच दुसरा मतदारसंघ. १८८६ ची ती हार जागा नाही म्हणून कोणी काढली? अहो आधी तिथे पडले, मग १८८८ ला खुद्द पंतप्रधान सॉल्सबरी एडिनबरोच्या भाषणात म्हणाला की इंग्रज मतदार 'काळ्या माणसाला' निवडून देतील असं वाटत नाही, आणि तरी हा माणूस ६६ व्या वर्षी परत उभा राहिला. हे गाळून ५ मतांचं मोल कळणार कसं?

प्रेषक: माई
अण्णांचं पटलं. आमच्या वॉर्डात कौन्सिलच्या निवडणुकीत मी दारोदार पत्रकं वाटली होती, आमची बाई ११ मतांनी पडली. फेरमोजणीला मी टेबलाशीच उभी, गठ्ठे परत सोडून मोजत होते आणि माझ्या डोक्यात एकच, शेवटच्या दिवशी पाऊस म्हणून मी एक गल्ली सोडली होती. ती गल्ली अजून डोळ्यासमोर येते. ५ म्हणजे एका घरातली माणसं हो.

प्रेषक: इतिहास गट
बोर्डांचा मजकूर आमचा गट बघेल असं एजीएममध्ये ठरलंय, परस्पर बदल करू नका. ५ ला हरकत नाही. पण वरचं "पहिले भारतीय खासदार" काढा. १८४१ ला सडबरीतून डाइस सोंबर निवडून आले होते, सरधनाच्या बेगम समरूंचे वारस, अंशतः भारतीय वंशाचे. लाचेच्या प्रकरणात ती निवडणूक पुढच्या वर्षी रद्द झाली, पण निवडून आले होते हे खरं.

प्रेषक: अण्णा
काढा 'पहिले', पण मग त्या जागी काम लिहा. आयसीएसची, म्हणजे इंग्रज सरकारच्या वरिष्ठ सनदी नोकरीची, परीक्षा भारतातही एकाच वेळी घ्या हा ठराव १८९३ ला हाउस ऑफ कॉमन्समध्ये पास झाला, त्यामागे दादाभाईंनी किती जोर लावला होता, आणि सरकारने तो अमलात आणलाच नाही. १८९५ ला सीट गेली तरी थांबले नाहीत, भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर बसले, आणि त्याच कमिशनपुढे १८९७ ला आपले गोखले साक्ष द्यायला इथे लंडनला आले.

प्रेषक: वहिनी (ग्रीनफर्ड)
मागच्या मीटिंगला एकाने विचारलं, मराठी मंडळाच्या प्रदर्शनात पारशी माणूस कशाला. तेव्हा बोलायचं राहिलं म्हणून आता लिहिते. जन्म मुंबईचा, एल्फिन्स्टनला गणित शिकवलं, आणि १८४९ मध्ये दादाभाई आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या त्यात मराठी मुलींच्याही होत्या. मी दोन मुलींची आई आहे, मला एवढं पुरे.

प्रेषक: स्मरणिका समिती
५ केलं. 'पहिले' काढलं. होबर्न आणि वहिनींच्या शाळा घेतल्या, त्यासाठी फोटो निम्मा केलाय. आयसीएसची एकच ओळ बसली, वेल्बी राहिलं. अण्णा, साडेसातच्या आत एकदा वाचून ओके द्या, फोन केला होता, लागत नाहीये.