नदीवरील मालवाहू बंदर: धक्क्याची उंची कशी ठरवावी?

स्थापत्य_अंतिमवर्ष:
वाराणसीजवळ रामनगर येथील गंगेवरचे मल्टिमोडल टर्मिनल, म्हणजे जलमार्गावरील माल इतर वाहनांत चढवण्या-उतरवण्याचे बंदर (उद्घाटन 12 नोव्हेंबर 2018), हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. वाराणसीत 1978 च्या पुरात पाणी समुद्रसपाटीपासून 73.9 मीटर पातळीपर्यंत चढले होते, आणि उन्हाळ्यात ते त्याच्या दहा मीटरहून अधिक खाली जाते. अशा नदीवर पक्का धक्का बांधावा की तरंगता?

धक्केवाला:
तरंगता धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो हे खरे, परंतु त्याला काठाशी जोडणाऱ्या पुलाचे काय करणार? पातळीत दहा मीटरचा फरक आणि पुलाला दहास एक असा उतार धरला, तरी पूल शंभर मीटर लांब होतो. त्यावरून भरलेला ट्रेलर चढवणे कोणत्याही चालकाला आवडणार नाही. प्रवासी आणि हलका माल असेल तर तरंगता धक्का चालेल. कंटेनरसाठी मात्र पुराच्या पातळीवर पाइलांवर (जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर) उभा केलेला पक्का धक्काच घ्यावा आणि उन्हाळ्यात खोल गेलेल्या बार्जपर्यंत (सपाट तळाच्या मालवाहू नौकेपर्यंत) पोहोचेल अशी क्रेन निवडावी. भरीव भिंतीपेक्षा पाइल बरे, कारण त्यांच्यामधून प्रवाह वाहता राहतो. मात्र पुरात पायथ्याची माती किती खरवडली जाईल, याचा हिशेब करूनच त्यांची खोली ठरवावी.

पात्रमापक:
माझ्या मते खरी अडचण धक्क्याच्या बाहेर आहे. हल्दिया ते प्रयागराज हा राष्ट्रीय जलमार्ग 1 हा 1620 किलोमीटरचा आहे. जलमार्ग विकास प्रकल्पात हल्दिया ते बाढ 3 मीटर, तेथून गाझीपूरपर्यंत 2.5 मीटर आणि पुढे वाराणसीपर्यंत 2.2 मीटर खोलीचे उद्दिष्ट आहे. वाटेतील सर्वांत उथळ जागा जेवढी खोल, त्या मानानेच बार्ज भरता येते. धक्क्यापुढे कितीही खोल खणले तरी त्यात फरक पडत नाही. ड्रेजिंगखेरीज (यंत्राने गाळ उपसण्याखेरीज) बांबूच्या ताट्या रोवून प्रवाह एका बाजूला वळवण्याची बंडलिंग नावाची जुनी, स्वस्त पद्धत आहे, तीही अभ्यासावी.

मांडवीकाठ:
आमच्या गोव्याचा अनुभव जोडतो. मांडवी-जुवारीतून मुरगावला खनिज नेणाऱ्या बार्ज पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यामुळे अडत, म्हणून कुंभारजुवे कालव्यातून वळसा घेत. माल होता, म्हणून एवढा खटाटोप परवडत होता. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि त्याच नद्यांत बार्ज रिकाम्या नांगरून पडल्या. तेव्हा परतीच्या मालाचा हिशेब अहवालात अवश्य घाला.

स्थापत्य_अंतिमवर्ष:
आपणा सर्वांचे आभार. पात्राची मोजणी कोणत्या महिन्यातील धरावी?

पात्रमापक:
एक पूर ओसरल्यानंतरची आणि दुसरी उन्हाळ्यातील, अशा किमान दोन धराव्यात. गंगा आपले खोल पात्र दरवर्षी सरकवते, त्यामुळे एकाच वर्षाचा नकाशा पुरेसा समजू नये.