काटा लाल रेषेवर: इंजिन लगेच बंद करायचं की चालू ठेवायचं?

नवखा_चालक

पेट्रोल गाडी, १.२ लिटर, फ्रंट व्हील ड्राइव्ह, ऑटोमॅटिक. गर्दीत रांगत असताना टेम्परेचरचा काटा मध्यावरून उठला आणि पाचेक मिनिटांत लाल रेषेला टेकला. बॉनेटच्या फटीतून थोडी वाफ आली. गाडी कडेला घेऊन बंद केली आहे, हॅझार्ड लाइट चालू आहेत.

एक जण म्हणतो, बंद करायला नको होती, आयडलवर ठेवून हीटर लावायचा. दुसरा म्हणतो, एक सेकंदही चालू ठेवू नका. खरं काय? पाणी भरून १०-१२ किलोमीटर हळू नेता येईल का? आणि नाहीच जमलं तर दोरी लावून टोचन करून न्यावी की नको?

पाना_बारा

दोन्ही सल्ले बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या गाड्यांसाठी. इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, शिल्लक आहे की नाही, यावर ते ठरतं.

इंजिन बंद केलं की वॉटर पंप थांबतो. पंप इलेक्ट्रिक असलेल्या थोड्या गाड्या सोडा. फिरतं पाणी थांबलं की हेडमधली, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातली, उष्णता आहे तिथेच साचते, म्हणून बंद केल्यावरही पहिली काही मिनिटं तापमान चढतंच. त्यामुळे काटा नुसता वर चालला असेल, वाफ नसेल, खाली गळत नसेल, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल, खिडक्या खाली आणि गाडी न्यूट्रलमध्ये उभी. हीटरची जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तेवढी उष्णता केबिनमध्ये निघते. दोन मिनिटांत काटा उतरायला लागला नाही तर बंद करा.

वाफ दिसली, गळती दिसली, ऑइलचा दिवा लागला किंवा इंजिन ठोकायला लागलं, तर मात्र तिथल्या तिथे बंद. हीटर फुल गरमवर असूनही थंड वारा येत असेल तर त्याचा अर्थही तोच: हीटरपर्यंत पाणी पोचत नाही, एक तर ते संपलंय किंवा पंप फिरवत नाही. तुमच्याकडे वाफ होती, म्हणजे तुम्ही बरोबर केलंत.

बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर दाखवला जातो. साधारण ८० ते १०० अंशांत तो हलतच नाही. म्हणून मध्य सोडला की थांबायचं, लाल रेषेची वाट पाहायची नाही. आणखी एक फसवा प्रकार असतो, लाल रेषेवरचा काटा अचानक खाली पडतो. गाडी थंड झाली असं वाटतं, पण कूलंटची पातळी सेन्सरच्या खाली गेलेली असते आणि सेन्सर नुसती वाफ मोजत असतो.

आता कूलंटची कॅप, म्हणजे रेडिएटरचं झाकण. किमान ३० ते ४५ मिनिटं हात लावू नका. कॅप साधारण १ बारचा दाब धरते, त्या दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप उघडली की दाब जातो आणि आतलं सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा जाड होज, म्हणजे रबरी नळी, दाबून पाहा. तो कडक लागला तर अजून दाब आहे. मऊ झाल्यावर जाड फडकं चार पदरी ठेवून कॅप पाव वळण फिरवा, फुसफुस पूर्ण थांबू द्या, मगच काढा. चेहरा बाजूला ठेवा. बॉनेट उघडलंत तरी फॅनपासून हात लांब, इंजिन बंद असतानाही तो आपोआप सुरू होऊ शकतो.

तेलकट_हात

पाना_बारांशी सहमत. पाणी भरायच्या आधी गेलं कुठून ते बघा, नाहीतर वरून भराल आणि खालून जाईल.

तुमची गाडी गर्दीत तापली, ही मोठी खूण आहे. वेगात असताना समोरची हवा रेडिएटर थंड ठेवते, रांगताना फक्त फॅन. म्हणून गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक असते, तर पहिला संशय फॅनवर. उलट चढावर किंवा वेगात तापत असेल तर चोक झालेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा पंप.

फॅन तपासायचा सोपा उपाय: गाडी थंड झाल्यावर, पातळी ठीक असेल तरच, इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरतो. फिरला तर मोटर आणि फ्यूज ठीक, दोष सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. फॅन दोन वेगांचा असेल तर एक वेग मेलेला असू शकतो. अजिबात फिरला नाही तर बॉनेटखालच्या बॉक्समधला फॅनचा फ्यूज पाहा, मग तशाच नंबरचा रिले (फॅनला वीज देणारा छोटा स्विच) शेजारून काढून लावून बघा. बऱ्याचदा हॉर्नचा रिले तोच असतो. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. लगेच परत उडाला तर मोटर जाम आहे, जास्त अँपिअरचा टाकून वायरिंग जाळू नका.

बॅटरीचा दिवाही लागला होता का? तसं असेल तर पट्टा बघा. बऱ्याच इंजिनांत अल्टरनेटर आणि पंप एकाच पट्ट्यावर असतात. पट्टा तुटला असेल तर पुढे नेण्याचा विषयच संपला.

थर्मोस्टॅट बंदच अडकलाय का ते ओळखायचं तर, तसं असल्यास इंजिन गरम असताना वरचा होज तापलेला आणि खालचा जवळपास थंड असतो. रस्त्यावर त्यावर इलाज नाही.

नवखा_चालक

४० मिनिटांनी पाहिलं. फॅनचा फ्यूज ठीक आहे, बॅटरीचा दिवा लागला नव्हता. कूलंटची रिझर्व्ह टाकी रिकामी. खालच्या होजच्या क्लिपजवळ ओलं आहे, हिरवट थेंब टपकतायत. ऑइल डिपस्टिकवर स्वच्छ.

तेलकट_हात

मग बहुधा क्लिप सैल झालीय किंवा होजचं टोक चिरलंय. स्क्रूची क्लिप असेल तर पेचकसाने घट्ट करा, पण आवळून होज कापू नका. टोकच चिरलं असेल आणि होजला लांबी असेल, तर दोन-तीन सेंटीमीटर कापून पुन्हा बसवा. मधेच चीर असेल तर स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप: जागा कोरडी करा, टेप दुप्पट ताणून, अर्धी एकमेकींवर येईल अशी गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप गरम झाली की सुटते, वेळ घालवू नका.

पाणी साधं चालेल, आणीबाणीत. इंजिन हात लावता येईल इतकं निवल्यावरच भरा. तापलेल्या ॲल्युमिनियम हेडमध्ये गार पाणी ओतलं तर हेड वाकतं किंवा तडकतं. छोट्या गाडीत एकूण ४ ते ६ लिटर मावतं, किती गेलं ते मोजून लिहून ठेवा. हीटर गरमवर, कॅप उघडी, इंजिन आयडलवर ठेवून थोडं थोडं भरा आणि वरचा होज दाबत राहा, म्हणजे अडकलेली एअर निघते. बुडबुडे थांबतच नसतील तर ते सिलिंडरमधले वायू, हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय. गाडी बंद करा, पुढे नेऊ नका.

गळती खरोखर थांबली असेल तरच कॅप नीट बंद करून निघा. काही जण कॅप सैल ठेवून दाब कमी करतात. टेपवर ताण कमी पडतो हे खरं, पण पाणी १०० अंशांनाच उकळतं, त्यामुळे मला तो उपाय पटत नाही. एसी बंद, हीटर चालू, आरपीएम २००० च्या आसपास, डोळा काट्यावर. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून खाली बघा. काटा मध्य सोडला की तिथेच थांबा, मग टोइंगच.

फ्लॅटबेड_भाई

टोचनबद्दल, कारण हाच भाग सगळ्यांत जास्त बिघडवला जातो. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि पुढची चाकं रस्त्यावर फिरतायत, म्हणजे गिअरबॉक्स कोरडा घासतोय. तुमच्या गाडीला दोरी नको. फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा, नाहीतर पुढची दोन्ही चाकं उचलून मागची जमिनीवर, तीही हँडब्रेक सोडून. फोर व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाडी मात्र फक्त फ्लॅटबेडवरच.

गाडी मॅन्युअल असती तरी दोरीचा हट्ट धरू नका म्हणेन. इंजिन बंद असताना ब्रेक बूस्टर (ब्रेक दाबायला मदत करणारा भाग) दोन-तीन दाबांत रिकामा होतो, मग पेडल दगडासारखं लागतं. स्टिअरिंगही जड. चावी ऑन ठेवली नाही तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

फोन करताना पाच गोष्टी सांगा: ऑटोमॅटिक की मॅन्युअल, कुठली चाकं ओढतात, सगळी चाकं फिरतात का, बॅटरीला जीव आहे का, आणि गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे. पार्कमधून न्यूट्रलमध्ये येत नसेल तर गिअर लिव्हरजवळ छोटं झाकण असतं, त्याखालचं शिफ्ट लॉक बटण पेचकसाने दाबून लिव्हर हलतो. टो हुक स्टेपनीजवळच्या अवजारांत असतो, बंपरवरची चौकोनी टोपी काढून तो पूर्ण आत फिरवा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, जोर लावायच्या आधी दोन्ही बाजूंना फिरवून बघा.

वाट पाहताना गाडीत बसू नका. सगळे रस्त्याच्या कडेचा कठडा ओलांडून पलीकडे. त्रिकोण किमान ५० मीटर मागे, वेगाच्या रस्त्यावर आणखी लांब.

पाना_बारा

एक राहिलं. गॅरेजमध्ये नुसता होज बदलून सोडवू नका. लाल रेषेला टेकलेल्या गाडीची कंप्रेशन टेस्ट किंवा कूलंटमधला एक्झॉस्ट गॅस तपासायची टेस्ट करून घ्या. गॅसच्या टेस्टमधलं निळं द्रव पिवळं पडलं तर हेड काढावंच लागतं, आणि काढलं की त्याचा सपाटपणा मोजायला सांगा. चालण्याजोगी तफावत बऱ्याच हेडना ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही.

भरलेलं साधं पाणी काढून कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं कूलंट टाका, सहसा निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असं नसतं, पुस्तिकेत बघा. रस्त्यावर सांडलेलं पाण्याने धुवून टाका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री चाटतात.