ऑपरेशननंतर गोळी मागितली की "सवय लागेल" म्हणायचं, मग म्हातारीनं नुसतं सोसायचं का?

अशोकचौकी:
जरा मोठं हाय, पण वाचा. आईचा उजवा गुडघा बदलला गेल्या महिन्यात. सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं, सूप मांडीवर घेऊन पाय दुमडून बसायचं, गुडघ्याची वाट लागलेलीच होती. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाय. दवाखान्यात होती तोवर मांडीतली नस बधिर करायचं इंजेक्शन, वरनं सलाईनमधनं औषध, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालली पण. डिस्चार्जच्या टायमाला ट्रामाडॉल (अफूच्या जातीचं दुखण्याचं औषध) आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या मोजक्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्या संपल्या तसं खरं नाटक चालू झालं. फिजिओवाल्या मॅडम येत्यात, पलंगावर रेक्झिन टाकून त्याच्यावरनं टाच मागं सरकवायची असती, आई पदराचा बोळा तोंडात धरून करती, तरी पट्टी लावून मोजलं की सत्तर डिग्रीच्या पुढं जाईना, नव्वद तरी पाहिजे म्हणत्यात. रात्रभर झोप नाय. दवाखान्यात फोन केला तर असिस्टंट म्हणला आता साधी पॅरासिटामॉल द्या, त्या गोळीची सवय लागती.

आता मला सांगा, सत्तरीला आलेली बाई, कधी चहा सोडून कशाचा नाद नाय, तिला कसली सवय लागणार? आणि लागायच्या आधी गुडघा आतनं चिकटून बसला तर लाखभर रुपये कशाला घातले? आपल्यात दुखणं सोसणं म्हणजे काय तर मोठेपणा समजत्यात. मंदसोर-नीमचकडं सरकारी लायसन्सवर अफू पिकती, नीमच आणि गाझीपूरला सरकारचेच कारखाने हाईत, आपण औषधाची अफू बाहेरच्या देशांना विकतो, आणि इथं कॅन्सरच्या पेशंटला त्याच अफूपासनं बनणाऱ्या मॉर्फीनसाठी घरचे वणवण फिरत्यात. व्यसनाच्या भीतीनं खऱ्या पेशंटला उपाशी ठेवायचं, असं चाललंय.

मेडिकलवाले काका:
आईंबद्दल वाईट वाटलं, लवकर बरं वाटू दे. पण तुमचं म्हणणं मला पटत नाही, आणि मी हे काउंटरच्या या बाजूनं सांगतोय. ट्रामाडॉल पूर्वी शेड्यूल एच-१ मध्ये होतं, म्हणजे पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं ते वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. एप्रिल २०१८ ला ते एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात घेतलं. सरकारला उगाच हौस आली म्हणून नाही घेतलं. तुम्हाला वाटतं ही गोळी गुडघ्यासाठी आहे, माझ्याकडं येणारे निम्मे लोक गुडघ्याचं नावच काढत नव्हते. डबल पाळी करणारे, रात्री गाडी मारणारे, कॉलेजची पोरं. नाव नाही सांगणार, "ती हिरवी-पिवळी द्या" म्हणणार. एकजण चिठ्ठी घेऊन यायचा, चिठ्ठीला लॅमिनेशन केलेलं! तारखेवर बरोबर टेपचा तुकडा. आता बोला.

मी तो मालच ठेवणं बंद केलं. शिव्या खातो, पण झोप लागते.

अशोकचौकी:
काका तुमची झोप बरोबर हाय, आमच्या आईची कोण बघणार? त्या लॅमिनेशनवाल्यामुळं माझ्या ताज्या चिठ्ठीवर पण गोळी मिळत नाय, सोलापुरात सात रस्त्यापासनं नवी पेठेपर्यंत मेडिकल पालथे घातले, "ठेवत नाही" एवढंच. कायद्यानं चिठ्ठीवर विकायला बंदी नाय ना?

मेडिकलवाले काका:
बंदी नाही. हिशोब ठेवायचा त्रास आहे आणि तपासणीला आले की दहा गोळ्या कमी भरल्या तरी माझीच मान. लहान दुकानदार कशाला घेईल हे?

बाळेनाका:
मी काकांच्या बाजूनं. लिहायचं नव्हतं पण लिहितो, घरातलं हाय. आमच्या धाकट्याचा पुणे हायवेला ॲक्सिडेंट झालता, मांडीत रॉड. तो बी तुमच्यासारखाच, दुखलं की गोळी, डॉक्टर बदलून बदलून चिठ्ठ्या आणायचा, एकानं बंद केली की दुसरा. हाड जुळलं, रॉड बसला, पाय दुखायचा थांबला तरी गोळी थांबली नाय. विचारलं तर म्हणायचा घेतली नाय तर अंग मोडून येतं. खरंच यायचं. गोळी चुकली की नाक गळणार, घाम, पोटात कळा, जुलाब, रात्री पाय नुसते आपटत बसायचा. आम्हाला वाटायचं ताप हाय. मग एकदा जास्त घेतल्या असतील, जेवता जेवता फिट आली, ताटावरच पडला, आई ओरडायली, आम्हाला काय झालंय तेच कळंना. दवाखान्यात नेला तर तिथल्या डॉक्टरनं पहिला प्रश्न केला, ट्रामाडॉल घेतो का. त्या गोळीनं फिट येऊ शकती हे तोवर आम्हाला एकानं सांगितलं नव्हतं.

तुम्ही म्हणताय म्हातारीला कसली सवय. धाकटा बी साधाच होता बे.

चटणीभाकर:
आमच्या गल्लीत मावा खाऊन खाऊन गाल फाटलेला माणूस सांगत असतोय "इंग्रजी गोळ्या खाऊ नको, सवय लागती" 😄

सिस्टर_सिव्हिल:
चटणीभाकर, तुम्ही चेष्टेत बोललात पण मुद्द्याचं बोललात. २०१७ ला अमेरिकेतल्या जामा सर्जरी नावाच्या मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला होता. आधी कधी अफूवर्गातली औषधं न घेतलेल्या लोकांची ऑपरेशनं झाली, त्यातले साधारण सहा टक्के लोक तीन महिन्यांनंतर पण त्या गोळ्या घेत होते. ऑपरेशन न झालेल्यांमध्ये हे प्रमाण अर्धा टक्का पण नव्हतं. आणि गंमत म्हणजे मोठं ऑपरेशन असो की छोटं, आकडा जवळपास तोच. म्हणजे नुसत्या जखमेच्या दुखण्यानं हे होत नाही. तंबाखू, दारू, आधीपासून मन खचलेलं असणं, ऑपरेशनच्या आधीच अंगात कुठलं तरी जुनं दुखणं असणं, असल्यांमध्ये धोका जास्त दिसला.

आता त्याच आकड्याची दुसरी बाजू बघा, शंभरातले चौऱ्याण्णव थांबले. म्हणून बाळेनाका यांच्या भावाचं खरं आहे आणि आईंचं दुखणं पण खरं आहे. आमच्या वॉर्डात मी बघते, दुखतंय म्हणून पेशंट श्वास पूर्ण घेत नाही, खोकत नाही, कूस बदलत नाही, मग छातीत कफ धरतो, पायात रक्ताची गाठ व्हायची भीती. दुखणं दाबलं नाही तर त्याचं बिल दुसरीकडून येतं. पण गोळीनं पण बद्धकोष्ठ, मळमळ, चक्कर येते, म्हाताऱ्या माणसाला रात्री बाथरूमला जाताना चक्कर आली आणि नवीन गुडघ्यावर पडली तर काय करणार? आणि झोपेच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी डॉक्टरना सांगायचंच, ट्रामाडॉलशी त्यांचं जमत नाही. लोक हे सांगतच नाहीत, लाजतात.

बाळेनाका:
सिस्टर, त्या सहा टक्क्यांतला एक आमच्या घरात निघाला की चौऱ्याण्णव घेऊन काय करायचं? अमेरिकेत पण कंपनीनं हेच सांगितलं होतं ना, आमच्या गोळीची सवय कमी लागती. ऑक्सिकॉन्टिन नावाची अफूवर्गातलीच गोळी, १९९६ ला बाजारात आणली, २००७ ला कोर्टात कबूल केलं की खोटं सांगून विकली. तोवर गावंच्या गावं गेली. आणि आपल्याकडंच टॅपेंटाडॉल (ट्रामाडॉलसारखंच) आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं) एकत्र करून गोळ्या बनवून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होते, बातम्या आल्यावर फेब्रुवारी २०२५ ला सरकारनं बंदी घातली. म्हणून मी म्हणतो, एकदा दार उघडलं की कोण कोण आत शिरतंय बघा.

अशोकचौकी:
दार उघडं ठेवा कोण म्हणतंय? माझ्या आईला कंपनीच्या सेल्समननं नाय, ऑपरेशन केलेल्या सर्जननं लिहून दिलीय. आणि १९८५ च्या ह्याच एनडीपीएस कायद्यानं आपल्याकडं दार इतकं घट्ट लावलं की दवाखान्यांनी मॉर्फीन ठेवायचंच सोडलं. शेवटी २०१४ ला सुधारणा करावी लागली, मॉर्फीन, फेंटानिल, कोडीन असली औषधं अत्यावश्यक म्हणून वेगळी काढावी लागली. तीस वर्षं किती लोक तळमळून गेले असतील. ते कुणाच्या आकड्यात येत नाहीत, कारण दुखून मेलेल्याची बातमी होत नाय.

कुंभारवेस:
तुम्ही दोघं अफूवर भांडत बसा, आमच्या वडिलांचं काय झालं ते ऐका. त्यांनी कधी असली गोळी घेतली नाही, "सवय लागते" म्हणून. घेतलं काय तर डायक्लोफिनॅक आणि ॲसिक्लोफिनॅक, म्हणजे अफूवर्गात नसलेल्या नेहमीच्या पेनकिलर, पानपट्टीवर चुना मागितल्यासारखं मेडिकलमध्ये मागायचं, "एक दुखण्याची द्या". कमरेचं ऑपरेशन झालेलं, नंतर रोज सकाळ-संध्याकाळ एक एक. बीपीची गोळी चालू, लघवी जास्त होणारी गोळी चालू, वरनं हे, आणि उन्हाळ्यात पाणी कमी. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कमी काम करायला लागली की वाढतं ते) वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणले हे तिन्ही एकत्र म्हणजे किडनीवर तिहेरी मार. व्यसन नाही लागलं, अभिनंदन. आता किडनीच्या डॉक्टरच्या रांगेत बसतो.

मेडिकलवाले काका, ह्या गोळ्यांना रजिस्टर लागत नाही म्हणून तुम्ही सगळे बिनधास्त विकता, खरं का नाही?

मेडिकलवाले काका:
खरं आहे. त्या पण चिठ्ठीवरच द्यायच्या असतात. पण नाही दिली तर समोरचा शेजारच्या दुकानात जातो, आणि शेजारी देतो.

कुंभारवेस:
मग ट्रामाडॉलला तत्त्व आणि डायक्लोला धंदा 🙏

फिजिओ_जुळेसोलापूर:
मला एवढंच कळत नाही की कुणी हे का विचारत नाही की गोळी कधी घेता. अशोकचौकी, आईंना गोळी व्यायामाच्या पाऊण तास-तासभर आधी देत होतात का? बहुतेक घरात काय होतं, व्यायाम झाला, बाई रडली, मग गोळी. म्हणजे गोळीचा असर चालू होतो तेव्हा माणूस झोपलेला. पहिले काही आठवडे पाय वाकणं फार महत्त्वाचं, नंतर आतली जखम घट्ट होत जाते आणि मग कधीकधी परत भूल देऊन गुडघा वाकवावा लागतो. म्हणून मी दुखणं सोसा म्हणणाऱ्यातली नाही. पण मी हे पण बघितलंय की सूज उतरली की अर्धं दुखणं जातं. पाय हृदयाच्या वर ठेवून झोपणं, कपड्यात गुंडाळून बर्फ, व्यायाम थोडा थोडा पण दिवसातनं जास्त वेळा. लोक पाय खाली सोडून तासन्‌तास सीरियल बघत बसतात, टाकीसारखी सूज येते आणि मग म्हणतात गोळी कमी पडली.

आणि पॅरासिटामॉलला साधी म्हणून हिणवू नका. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ठरलेल्या वेळेला घेतली तर तिच्यावरच बरंच निभतं. दुखलं की एक, नाही दुखलं की नाही, असं केलं की तिचा उपयोग दिसत नाही. फक्त सगळ्या गोळ्या मिळून दिवसाचा हिशोब चार ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नाही, लिव्हरवर येतं, वय जास्त किंवा वजन कमी असेल तर त्याच्या पण खाली. त्या ट्रामाडॉलच्या जोडगोळीत पण पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरतात.

अशोकचौकी:
नंतरच देत होतो. वेळेचं कुणी सांगितलंच नव्हतं ओ मॅडम. कागदावर फक्त "१-०-१" आणि खाली सही. कधीपर्यंत, कशी कमी करायची, काय नाय. फोन केला तर थेट बंद. आमचं भांडण तेवढंच हाय, द्यायची तर नीट द्या आणि थांबवायची तर नीट थांबवा.

सिस्टर_सिव्हिल:
हे बरोबर बोललात. थोडे दिवस घेतली असेल तर थांबवायला त्रास होत नाही. काही आठवडे रोज घेतली तर शरीर सरावतं, एकदम तोडली की घाम-जुलाब-तळमळ येणारच, तो माणूस नशेडी झाला असं नाही. डॉक्टरना विचारून हळूहळू उतरवायची. पण दुखत नसताना घ्यावीशी वाटायला लागली, लपवून घ्यायला लागला, चिठ्ठ्या गोळा करायला लागला की समजायचं गाडी दुसऱ्या रस्त्याला लागली. बाळेनाका, भाऊ आता कसा आहे?

बाळेनाका:
बरा हाय. मानसोपचारवाल्यांकडं ट्रीटमेंट चालू हाय. आधी घरच्यांनी कोंडून ठेवून सोडवायचा प्रयत्न केला, ते बेकार. नंतर कुणीतरी सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन दिली, १४४४६, तिथनं पत्ता मिळाला. ज्याला लागेल त्यानं घ्या.

पण अशोकचौकी, मी अजून तुमच्या बाजूनं नाय. तुम्ही आईला गोळी मिळवा, वेळेवर द्या, चालतंय. घरात पोरं हाईत ना? डबा कुलपात ठेवा आणि मोजून ठेवा. आमच्या धाकट्याला डॉक्टरांनी बंद केल्यावर गोळ्या कुठनं मिळायच्या माहिताय? मामीच्या कपाटातनं. तिचं ऑपरेशन झालतं, उरलेली स्ट्रिप "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेली.

अशोकचौकी:
ठेवतो. उद्या सर्जनलाच भेटतोय, असिस्टंटला नाय. उरल्या तर परत मेडिकलला देता येत्यात का?

मेडिकलवाले काका:
मी परत घेऊ शकत नाही. कचऱ्यात पण टाकू नका, कचरा वेचणारी लेकरं असतात. सीडीएससीओनं, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्यानं, २०२५ ला सतरा औषधांची यादी काढलीय, त्यात ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फीन, फेंटानिल सगळं आहे, उरलं तर संडासात टाकून फ्लश करा असं सांगितलंय. बाकीची औषधं नाही, फक्त ही.

चटणीभाकर:
काका, सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाय आणि सरकार म्हणतंय फ्लश करा.

मेडिकलवाले काका:
बादलीनं ओत की बाबा.