परका देश कधी आणि कशामुळे आपला वाटला? (अनुभव धागा)

मांडवीकाठ
चवथीच्या आधीची साफसफाई करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत लिस्बनच्या मेट्रोचे पुठ्ठ्याचे कार्ड सापडले आणि माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या मंडपीचे, सामान आणायला निघालेली मी तासभर तिथेच बसून राहिले. 2011 ते 2016 ही पाच वर्षे मी त्या शहरात होते, आणि पहिले आठ महिने तरी मला ते मुळीच आवडले नव्हते. तिथला हिवाळा पावसाळी असतो, जुन्या घरांत उबेची सोय नसते, त्यामुळे बाहेरच्यापेक्षा घरात गारठा अधिक आणि भिंतींना आपल्या आषाढात येते तशी बुरशी.

मग एका संध्याकाळी दार माझ्यामागे ओढले गेले आणि किल्ली आत राहिली. वर्गात शिकलेले सगळे पोर्तुगीज त्या क्षणी डोक्यातून पुसले गेले आणि समोरच्या दारातून डोकावणाऱ्या वृद्ध बाईंना मी चक्क आपल्या भाषेत म्हणाले, "चावी... आत." त्या म्हणाल्या, "शाव!" आणि मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. त्यांचा 'शाव' म्हणजे आपली चावी, त्यांचा 'मेझा' म्हणजे आपले मेज. कुलूपवाला येईपर्यंत त्यांनी बटाट्याचे सूप दिले. त्यात हिरवी पाने केसासारखी बारीक चिरलेली होती. त्या भाजीला त्या 'कोव्ह' म्हणाल्या. आपला कोबी हा शब्द त्याच घरचा. गोव्यात ज्या शब्दांकडे मी कधी लक्षही दिले नव्हते, त्यांच्या आधारावर मला तिथे कोणीतरी आत घेतले होते. त्या दिवसानंतर मी दिवस मोजणे सोडले.

तुमच्यापैकी जे बाहेर राहिले आहेत, त्यांनी आपापला असा दिवस सांगावा. प्रेक्षणीय स्थळे नकोत.

कुळागर
माझे कारण तुमच्या अगदी उलट आहे. आमच्या गावात तिठ्यावर उभे राहिले की तिसऱ्या मिनिटाला "तूं कोणालो रे?" असा प्रश्न येतो आणि उत्तर दिले की आजोबांच्या जमिनीच्या दाव्यापर्यंत सगळे उकरले जाते. जपानमधल्या नागोयात तीन वर्षे मला कोणीही काही विचारले नाही. जळणारा कचरा कोणता, प्लास्टिक कोणते आणि ते कोणत्या सकाळी बाहेर ठेवायचे एवढे पाळले की तुम्ही चांगले शेजारी ठरता. एकदा माझे पाकीट लोकल गाडीत राहिले. चौथ्या दिवशी चौकीत ते नोटांसह मिळाले. तिथल्या कायद्याप्रमाणे सापडवून देणाऱ्याला ऐवजाच्या 5 ते 20 टक्के बक्षीस मागता येते, परंतु त्या गृहस्थाने तो हक्क सोडल्याचे कागदावर लिहिले होते आणि आपले नावही कळवू नका असे सांगितले होते. आभार मानायलासुद्धा माणूस नाही, या गोष्टीने मी जो त्या देशाच्या प्रेमात पडलो तो आजतागायत.

मडगावची सून
दोन्ही अनुभव वाचून डोळे भरून आले, परंतु मांडवीकाठताई, माटोळीला कांगलां आणि सुपारीचे शिपटे आणलेत की अजून ट्रंकेपाशीच आहात? मडगावच्या बाजारात दुपारनंतर काही उरत नाही.

शापोराचा मुलगा
अनुभव माझा नाही, वडिलांचा आहे. ते कुवेतमध्ये एका गोदामात हिशेब ठेवायचे. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी सैन्य शिरले आणि पुढे वडील इराकमार्गे बसने अम्मानला पोहोचले. तिथून एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून अधिक भारतीयांना परत आणले, त्यांत तेही होते. हातात एक पिशवी, आणि पिशवीत गोदामाची हिशेबवही! सगळ्यांना वाटले की आता ते पुन्हा त्या वाटेला जाणार नाहीत. 1992 मध्ये ते परत गेले आणि मालकाला ती वही जशीच्या तशी दिली. त्यानंतर मालकाने त्यांना कधी हिशेब विचारला नाही, असे ते अभिमानाने सांगत.

मला मात्र एक गोष्ट नेहमी खुपते. तिथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीला बांधलेला असतो आणि आपल्यासारख्याला नागरिकत्व मिळण्याची आशा जवळजवळ नसतेच. 27 वर्षे राहूनही साठीला आल्यावर त्यांना सामान बांधावे लागले. तरीही घरात 'आमच्याकडे' म्हणताना त्यांच्या मनात कुवेत असे, आणि आई दरवेळी चिडे.

आंबेउतार
एक वेगळा मुद्दा मांडतो. आसगाव-शिवोलीत बंगला भाड्याने घेऊन राहणारा गोरा मनुष्य देशाच्या 'प्रेमात' पडतो, आणि आमचा तारवटी नऊ-नऊ महिने जहाजावर असतो तो मात्र 'पोटासाठी' गेलेला असतो, हा फरक कोण ठरवते? माझ्या धाकट्या भावाने आजोबांच्या 1961 पूर्वीच्या जन्मदाखल्यावर खटपट करून पोर्तुगीज पासपोर्ट मिळवला, त्यापायी भारतीय नागरिकत्व गमावले, आणि राहतो इंग्लंडमधल्या स्विंडनला! पोर्तुगाल त्याने विमानतळापलीकडे पाहिलेला नाही. त्याचे प्रेम नेमके कोणत्या देशावर धरायचे?

कुळागर
आंबेउतार, स्विंडनवर धरा. तिथे त्याला आपले खोबऱ्याचे हुमण, माशाची आमटी, मिळत असणार.

पायरीवरची
आमच्या शेजारी बारा वर्षांपासून एक जर्मन बाई राहतात. त्यांना मी हाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "माझ्या गावी शेजारणीकडे जायचे तर आधी फोन करावा लागतो, आणि तू खिडकीतून हाक मारून फणसाचे गरे देतेस." मी हसले खरी, पण माझी मुलगी ज्या हाकांना कंटाळून म्युनिकला गेली, त्या याच हाका आहेत. ती तिथे फार सुखात आहे, कारण रविवारी कोणी दार वाजवत नाही. या दोघींची एकदा गाठ घालून द्यायची आहे.

मांडवीकाठ
कांगलां मिळाली, शिपटे दिराने आणले. धाग्यावर इतके कोणी लिहील असे वाटले नव्हते.

समोरच्या बाईंविषयी दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले, म्हणून इथेच सांगते. त्या आता 86 वर्षांच्या आहेत. नाताळात मी फोन करते तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ आणि त्यांच्याकडे दुपारचे चार वाजलेले असतात. ऐकू कमी येते, म्हणून त्या मी कोण हे विचारतच नाहीत. फोन उचलला की मोठ्याने एवढेच म्हणतात, "शाव?"