डोनेगलचा गज
आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्याच्या फिडलवादनात, म्हणजे तिथल्या लोकसंगीतातल्या व्हायोलिनवादनात, स्कॉटिश ढंग केवळ ध्वनिमुद्रिकांमुळे आला, असे म्हटले जाते. हे मत मला अर्धेच पटते. डोनेगलचे फिडलवादक जॉन डोहर्टी यांच्यावर स्कॉटिश फिडलवादक जेम्स स्कॉट स्किनर यांच्या वादनाचा मोठा प्रभाव होता, हे खरे. परंतु तबकड्या येण्याच्या कितीतरी आधीपासून डोनेगलचे मजूर हंगामात बटाटे काढायला स्कॉटलंडला जात आणि परतताना मजुरीबरोबर तिथल्या चालीही घरी आणत.

या चर्चेत राहून जाणारी गोष्ट गजाची, म्हणजे तारांवर फिरवायच्या काठीची (bow), आहे. आयर्लंडच्याच स्लायगो परगण्यातले फिडलवादक मायकेल कोलमन यांच्या वादनात एकाच गजात अनेक स्वर ओघाने येतात, तर डोनेगलमध्ये बहुतेक स्वरांना गजाचा स्वतंत्र फटका मिळतो आणि त्यामुळे प्रत्येक स्वर सुटा, धारदार ऐकू येतो. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथस्पे या नाचाच्या चालीमध्ये आखूड स्वरामागून लांब स्वर येताना जो झटका बसतो, तोच डोनेगलच्या ‘हायलंड’ या नाचाच्या चालींच्या प्रकारात सौम्य होऊन उतरला आहे. मी व्हायोलिनवर दोन्ही लागोपाठ वाजवून पाहिले, तेव्हा स्ट्रॅथस्पेला प्रत्येक झटक्यावर मनगट आवळावे लागले. हायलंडला ते सैल सोडताच चाल नाचणाऱ्याच्या पावलांसारखी हलकी झाली.