हिमोफिलियात गुडघ्याची वाटी बदलली आहे का कुणी? आधी काय काय बघायचं?

इचलकरंजीची_सून

नमस्कार. यांना हिमोफिलिया ए आहे, सिव्हिअर, म्हणजे रक्त गोठवणारा फॅक्टर आठ हा घटक अंगात जवळजवळ नाहीच. वय ४१, वजन ६० किलो. लहानपणी फॅक्टरचं इंजेक्शन कुठलं मिळायला? सांधा भरला की बर्फ लावून पडून राहायचं. उजव्या गुडघ्यात इतक्यांदा रक्त उतरलंय की आता पाय सरळच होत नाही, टाच टेकत नाही. रात्री कूस बदलली तरी कण्हतात. यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहेत, बसून काम म्हणून निभावतंय. हाडांचे डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, कूर्चा उरलेलीच नाही, वाटी बदला. डावाही फार बरा नाही. सासूबाई म्हणतात, दात काढला तर ज्याचं रक्त थांबत नाही त्याचा गुडघा कापायचा? कुणी केलंय का? खर्च कशाकशाचा येतो?

टंकलेखक_वाई

वहिनी, मी केलंय. दोन्ही गुडघे, एकाच वेळी. मीही सिव्हिअर ए. माझी टायपिंग इन्स्टिट्यूट पहिल्या मजल्यावर आहे. त्या जिन्यानेच मला ऑपरेशनला उभं केलं म्हणा.

सासूबाईंचं काही चुकत नाही. पुरेशा फॅक्टरशिवाय हे ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून आधी हिमॅटोलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ), मग सर्जन. तारीख हिमॅटोलॉजिस्टने हो म्हटल्यावरच घ्या.

आता हिशेब, दिवाणजींनाही दाखवा. किलोमागे एक युनिट दिलं की फॅक्टर आठची पातळी साधारण २ टक्क्यांनी चढते. ऑपरेशनच्या वेळी ती ८० ते १०० टक्के लागते. ६० किलोच्या माणसाला १०० टक्क्यांवर न्यायचं तर ३००० युनिट एका दमात. ८ ते १२ तासांत त्यातलं निम्मं उतरतं, की पुन्हा १५००. जागतिक हिमोफिलिया फेडरेशनच्या पद्धतीत पहिले तीन दिवस पातळी ६० ते ८०, पुढचे तीन ४० ते ६०, मग चौदाव्या दिवसापर्यंत ३० ते ५० ठेवतात. आपल्याकडे काही ठिकाणी याहून कमी डोसवरही करतात, ते डॉक्टर ठरवतील. पण पूर्ण डोस धरला तर दोन आठवड्यांचेच तीस हजार युनिटांच्या आसपास होतात. वाटीच्या किमतीवर सरकारने २०१७ मध्येच मर्यादा घातलीय. तुमचा खरा खर्च फॅक्टरचा.

त्यामुळे सरकारी रुग्णालयातून किती फॅक्टर मिळणार, हे कागदावर घ्या. "बघू, होईल सोय" यावर भरती होऊ नका. हिमोफिलिया फेडरेशनच्या जवळच्या चॅप्टरला (शाखेला) आत्ताच गाठा, ही माणसं कुठला दरवाजा ठोठवायचा ते सांगतात. आणि फिजिओथेरपीचा फॅक्टर वेगळा धरा! लोक टाके निघेपर्यंतचाच हिशेब करतात. मग फॅक्टर नाही म्हणून व्यायाम बंद, आणि नवा गुडघाही आखडतो.

इनहिबिटरची, म्हणजे दिलेला फॅक्टर निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांची, चाचणी ऑपरेशनच्या तोंडावर हवी, जुना रिपोर्ट चालत नाही. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या एनआयआयएच या रक्तविकारांच्या सरकारी संस्थेत अशा चाचण्या होतात. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी पुन्हा करा, कारण एवढा फॅक्टर एकदम अंगात गेला की इनहिबिटर तयार होण्याची भीती असते. दातही आधी तपासून घ्या, तिथला जंतुसंसर्ग नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो.

वॉर्डात मात्र जागं राहा. वाटी बदलणाऱ्या बाकीच्या पेशंटना रक्त पातळ करणारं इंजेक्शन ठरलेलं असतं. माझ्या खाटेशी एक सिस्टर ते घेऊनच आल्या होत्या, बायकोने अडवलं. आपल्याला ते सरसकट देत नाहीत. कमरेत दुखण्याची सुई नको, डायक्लोफिनॅक नको. केसपेपरवर लाल पेनने 'हिमोफिलिया' लिहून घ्या. भूल कशी देणार, हेही आधी बोला. पाठीच्या कण्यात सुई घालणं पुष्कळ भूलतज्ज्ञ टाळतात.

दोन्ही एकदम का केले? कारण फॅक्टर एकदाच लागला. पण पहिल्या दिवसांत टेकायला एकही पाय धड नसतो, घरात धरायला दोन माणसं हवीत.

मिळालं काय? दुखणं गेलं. मांडी घालता येत नाही, ती आधी तरी कुठे येत होती.

फिजिओ_पुणे

वरच्या दादांनी सगळं नीट लिहिलंय. माझी भर एवढीच की व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून सुरू करा. यांच्या मांडीचा पुढचा स्नायू वाळलेला असणार; वाटी नवी बसेल, पण पाय उचलायचा तो त्या स्नायूनेच. ऑपरेशननंतर आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवतात, ती अजिबात नको. पाय वाकलेलाच राहतो. वाकवण्याची फार आशा धरू नका. वर्षानुवर्षं आखडलेला गुडघा पूर्ण वाकत नाही. सरळ झाला आणि दुखायचा थांबला, तर मी ते यशच धरते.

इनहिबिटरवाला

मिस्टर एमिसिझुमॅबवर (ब्लीड टाळायला नियमित घ्यायचं इंजेक्शन) असतील तर लॅबला सांगायला विसरू नका. त्यावर एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) नॉर्मल दिसतो, पण मोठ्या ऑपरेशनला तेवढ्यावर भागत नाही. फॅक्टरची पातळी मोजायलाही वेगळी, गाईच्या घटकांवर चालणारी क्रोमोजेनिक चाचणी लागते. माझ्यासारखं इनहिबिटर असेल तर फायबा (इनहिबिटरवाल्यांना रक्त थांबवायला देतात ते औषध) एमिसिझुमॅबसोबत टाळतात, गुठळ्यांचा धोका असतो.

इचलकरंजीची_सून

सगळ्यांचे आभार. एमिसिझुमॅब नाही, ब्लीड झाल्यावरच फॅक्टर घेतात. इनहिबिटर शेवटचा कधी तपासला ते यांनाही आठवत नाही, तर आधी तेच करतो. दादा, घरी काय बदल करावे लागतील? संडास देशी पद्धतीचा आहे.

टंकलेखक_वाई

कमोड भरती व्हायच्या आधीच बसवून घ्या, उंच घ्या, बाजूला दांडी हवी. फ्रिजमधला एक कप्पा फॅक्टरला मोकळा ठेवा, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्यात नको. आणि वहिनी, तुम्हाला मुलगी असेल तर तिचीही फॅक्टर पातळी तपासा. वडिलांकडून ती वाहक (हा दोष पुढच्या पिढीत नेऊ शकणारी) असणारच, आणि काही वाहक मुलींची पातळीही कमी असते.